शुक्रवारी साजरा केलेला वाढदिवस

मस्कतजवळच्या अल हैलला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी जर्मन म्हातारी, जिला आम्ही सगळे ओमा म्हणायचो, एकशे पाच वर्षांची होऊन २००५ साली गेली. दफनाला आलेला प्रत्येक भारतीय माणूस एकच वाक्य बोलला, "भाग्यवान बाई." मला त्या सगळ्यांना ओळीने उभं करून झापावंसं वाटत होतं. मी शाळेत गणित शिकवते, झापायची मला सवय आहे. पण उघड्या कबरीपाशी उभं राहून कुणी कुणाला झापत नाही, म्हणून गप्प बसले. तेव्हा राहिलेलं आता बोलते.

तिचं खरं नाव एल्फ्रीडे. आडनाव माझ्या जिभेला कधी वळलंच नाही. ओमा म्हणजे त्यांच्याकडे आजी. आमची उर्वी, आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा, आठ वर्षांची होती. ओमानमध्ये ओमा राहते या गोष्टीचं तिला इतकं हसू यायचं की शेजारच्या घराचा विषय निघाला की ती आधी हसून घ्यायची. आम्ही चौऱ्याण्णव साली त्या घरात राहायला आलो. माझा नवरा प्रेमानंद एका कन्सल्टन्सीत सिव्हिल इंजिनिअर होता. शेजारी ओमा आणि तिचा मुलगा रॉल्फ. रॉल्फ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटचा इंजिनिअर, साठी ओलांडलेला, बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. जर्मनीत एकट्या पडलेल्या आईला तो एका हिवाळ्यापुरता म्हणून मस्कतला घेऊन आला होता. ती परत गेलीच नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. जूनच्या उकाड्यात, बाहेर पाऊल ठेवलं तरी चटका बसावा अशा दिवसांत, ही बाई रोज सकाळी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची. वर गाद्या, उशा, रजया आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर वाळत टाकायची. एकदा तिची रजई आमच्या बाजूला लोंबकळून माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीवर पडली आणि झाडाचा शेंडा मोडला. मी तरातरा शेजारी गेले. ती मागच्या अंगणात स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. पंच्याण्णवीच्या घरातली, पाठ ताठ, चष्मा नाकावर. माझं सगळं ऐकून घेतलं. मग बटाट्यावरची नजर न काढता इंग्रजीत म्हणाली, "आणि तुझा कुकर फार शिट्ट्या मारतो."

त्या दिवसापासून आमचं जमलं. दोघीही भांडकुदळ, त्यामुळे एकमेकींना सांभाळून घ्यायची गरज नव्हती. शाळेतून आले की दुपारची कॉफी मी तिच्याकडे घ्यायचे. ती मला बटाट्याची साल किती पातळ निघाली पाहिजे ते शिकवायची आणि माझी साल हातात घेऊन उजेडात धरायची. तिचं इंग्रजी मोडकं पण ठाम होतं. युद्धानंतर हॅम्बुर्गजवळ इंग्रज सैनिकांच्या खानावळीत बटाटे सोलता सोलता ते ती शिकली होती.

तिचं जन्मगाव बाल्टिक समुद्राच्या काठी, मासेमारी करणाऱ्यांचं. ते आता जर्मनीतही नाही, पोलंडमध्ये आहे. अल हैलच्या किनाऱ्यावर कोळी वाळूत सार्डिन वाळत घालायचे. वारा फिरला की तो वास घराघरांत शिरायचा आणि आम्ही मुंबईत वाढलेले लोक नाकाला रुमाल लावायचो. ही मात्र खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची. एवढंच काय ते तिला इथलं आवडायचं.

तिचा नवरा पहिल्या महायुद्धातून विषारी वायूने फुप्फुसं जाळून परत आला. वीस वर्षं खोकला आणि गेला. पदरी तीन मुलं. थोरला कुर्ट दुसऱ्या युद्धात रशियात मेला, त्याचं प्रेत आलं नाही, कागद आला. मग पंचेचाळीस सालच्या थंडीत रशियन फौजा पुढे सरकायला लागल्यावर सगळा मुलूख रिकामा होऊन पायी पश्चिमेकडे निघाला, त्यात ही दोन मुलांना घेऊन. मुलगी हॅना चौदा वर्षांची. वाटेत तिला ताप भरला आणि हातगाडीवरच ती गेली. जमीन इतकी गोठलेली की खणता येईना. ओमाने तिला रस्त्याच्या कडेला ठेवलं, वर बर्फ लोटलं, आणि बारा वर्षांच्या रॉल्फचा हात धरून पुढे निघाली.

हे तिने मला एकदाच सांगितलं, रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "दोन झाली. तिसऱ्याच्या आधी मी जाणार. मला आता दुसरं काही नको."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना किती गोष्टी हव्या असतात. नातवाचं लग्न बघायचं असतं, काशी नाहीतर सिंगापूर बघायचं असतं. या बाईला फक्त एक हवं होतं, रॉल्फच्या आधी मरायचं. ती अगदी उघडपणे मरणाच्या मागे होती. दर वर्षी तपासणी व्हायची. डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं हृदय साठीतल्या बाईसारखं आहे," की ही दोन दिवस तोंड फुगवून बसायची. गुडघा सुजला, धाप लागली, डोळ्यापुढे अंधारी आली, की तिचा चेहरा जरा सैल पडायचा. मी म्हणायचे, "ओमा, असं बोलू नका." ती म्हणायची, "का? तुला मुलगी एकच आहे. तुला कळायला हवं."

सत्त्याण्णव साली रॉल्फची बायपास झाली आणि तिचा धीरच सुटला. त्याच्या ताटातलं लोणी ती काढून घ्यायची. संध्याकाळी काठी टेकत त्याच्याबरोबर किनाऱ्यावर जायची आणि तो नीट चालतो की नाही ते बाकावर बसून बघायची. पासष्ट वर्षांचा माणूस आईच्या धाकाने वाळूत फेऱ्या मारतोय हे बघून मी आणि प्रेमानंद गच्चीवरून हसायचो. रॉल्फही हसायचा. भला माणूस होता. आमच्या हॉलमध्ये बुद्धाच्या शेजारी कोटातल्या बाबासाहेबांचा फोटो होता, त्याबद्दल त्याने एकदा विचारलं आणि प्रेमानंदने दोन तास सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढं तर प्रेमानंदचं मीही ऐकत नाही.

आता शुक्रवारचं सांगायला हवं. आखातात राहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. तिथे सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे आमच्या लोकांचं सगळं शुक्रवारी. जयंती चौदा एप्रिलला असली तरी जवळचा शुक्रवार धरायचा. बुद्धपौर्णिमा मंगळवारी आली तर आमचा चंद्र शुक्रवारी उगवायचा. बारसं, साखरपुडा, मुलांचे वाढदिवस, सगळं शुक्रवारी, कुणाच्या तरी व्हिलाच्या अंगणात, सतरंज्या आणि भाड्याच्या खुर्च्या टाकून. यात काही चुकतंय असं आमच्या स्वप्नातही येत नसे.

नव्याण्णव साली नोव्हेंबरमध्ये ओमाला शंभर वर्षं होत होती. तारीख मंगळवारी येत होती. मी म्हटलं, शंभरावा वाढदिवस काय रोज येतो? सगळ्यांना बोलावू. मंगळवारी कोण येणार, आदल्या शुक्रवारी करू.

रॉल्फला सांगितलं तर तो घुटमळला. "आमच्यात आधी शुभेच्छा देत नाहीत," म्हणाला. "अशुभ मानतात. आई तर फार मानते. नंतरच्या शुक्रवारी केलं तर?"

नंतरच्या शुक्रवारी राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी होती. अर्धे लोक सलालाहला, नाहीतर दुबईला जाणार होते. आणि खरं सांगायचं तर 'अशुभ' हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. आमच्या घरात तो शब्द बंद आहे. माझ्या आजीला महाडजवळच्या आमच्या गावात लग्नाची वरात निघताना दाराआड जाऊन बसावं लागायचं, निघताना तिचं तोंड दिसलं तर अपशकुन म्हणून. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तर बाहेर काढलेच, पण शकुन, अपशकुन, मुहूर्त, दृष्ट हे सगळं त्याच दिवशी झाडून काढलं. मी रॉल्फला म्हटलं, "रॉल्फ, तू इंजिनिअर ना रे?" तो हसला, आणि मान्य केलं.

शुक्रवारी आमच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली. राष्ट्रीय दिनासाठी गावभर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. प्रेमानंदने ओमाला सांगितलं की सरकारने हे सगळं तुमच्यासाठी केलंय, आणि ती चक्क हसली. तिला वाटत होतं की आमचं नेहमीचं शुक्रवारचं जेवण आहे. मग रश्मीने, म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, केक आणला. त्यावर शंभरचा आकडा. मुलांनी गाणं सुरू केलं.

ओमा उठून उभी राहिली. दोन्ही तळवे पुढे करून जर्मनमध्ये "नाइन, नाइन", म्हणजे "नाही, नाही", म्हणत राहिली. मुलांना वाटलं, लाजतेय. मुलं आणखी जोरात गायला लागली. ओमाचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आज नाही. मंगळवारी. थांबव त्यांना."

मी मध्ये उभी राहिले आणि वर्गात शिकवते तसं शिकवलं. "ओमा, मस्कतमध्ये रात्री बारा वाजता मंगळवार लागतो तेव्हा तुमच्या जर्मनीत अजून सोमवारच असतो. मग अपशकुनाने घड्याळ कुठलं बघायचं, तिथलं की इथलं?" सगळे हसले. रॉल्फ सगळ्यांत मोठ्याने हसला. लोक एकेक करून तिच्या पाया पडले. तिने केकला हात लावला नाही. रॉल्फने दोन तुकडे खाल्ले, आणि त्या दिवशी तिने त्याला अडवलंही नाही.

रविवारी रॉल्फ प्लँटवर कोसळला.

मंगळवारी, म्हणजे तिच्या खऱ्या वाढदिवशी, तो आयसीयूत होता आणि ही बाहेर व्हीलचेअरवर. मी सुट्टी घेऊन तिच्याजवळ बसले होते. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आत जाऊन आलेल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि परत मान खाली घालायची. राष्ट्रीय दिनाच्या संध्याकाळी, समुद्राच्या बाजूला फटाके उडत असताना, रॉल्फ गेला. आतून बाहेर आलेल्या तरुण मल्याळी डॉक्टरने कुणाला सांगावं हे न कळून प्रेमानंदला सांगितलं. तिने डॉक्टरकडे बघितलं नाही. फक्त विचारलं, "माझं हृदय अजून साठीतलं आहे का?" त्याला काहीच संदर्भ नव्हता. तो म्हणाला, "यू आर व्हेरी स्ट्राँग, मॅडम."

दफनाच्या दिवशी व्हीलचेअर कबरीपर्यंत जाईना. रॉल्फचा प्लँटमधला ओमानी भागीदार, ज्याला आम्ही सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचो, त्याने आणि प्रेमानंदने तिला खुर्चीसकट उचलून नेलं. तिने मूठभर माती टाकली. मी वाकून तिला मिठी मारायला गेले, तर तिने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे ढकललं. जोर नव्हता त्या हातात. म्हणाली, "तू मरणाला बोलावलंस. आधी बोलावलंस. ते माझ्यासाठी आलं आणि चुकून रॉल्फला घेऊन गेलं."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तिला सांभाळायला हैदराबादची फरिदा होती. ती दारातच उभी राहिली, बिचारी कानकोंडी होऊन. "बाजी, आप मत आइए. अम्मा मना करती हैं. बोलतीं, आपका साया नहीं पड़ना चाहिए."

माझी सावली. हे ऐकायला मी ओमानला आले होते.

मी घरी येऊन डबा ओट्यावर आपटला. इतकी रडले आणि इतकी चिडले की प्रेमानंद घाबरला. त्या म्हातारीला आमच्या आजीबद्दल काही ठाऊक नव्हतं, आमचा इतिहास ठाऊक नव्हता. तिने आपल्या गावची समजूत धरली होती, तिला दुसरं काहीच धरायला उरलं नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. पण तिचं दार माझ्या तोंडावर बंद झालं तेव्हा मला ती जर्मन म्हातारी दिसलीच नाही, वरातीच्या वेळी दाराआड बसलेली माझी आजी दिसली. माझी चूक काय होती? काहीही नाही. रॉल्फच्या रक्तवाहिन्या बुजलेल्या होत्या, सिगारेट तो चोरून ओढायचा, बायपास आधीच झालेली होती. मी कुणाचं वाईट केलेलं नाही आणि ते मी आजही मान्य करणार नाही.

मी जायचं बंद केलं. चार वर्षं गेले नाही.

तिचं चाललं होतं. कागदोपत्री ती मुलाच्या व्हिसावर होती. तो गेल्यावर तिला राहता येईना. जर्मन वकिलातीचा माणूस आला, तिकडे सरकारी वृद्धाश्रमात सोय आहे म्हणाला. ती म्हणाली, "तिकडे माझं कोण पुरलेलं आहे?" अर्बाबने काय केलं, कुणाला भेटला, ठाऊक नाही. पण तिचा व्हिसा त्याने आपल्या नावावर करून घेतला आणि घरही तसंच ठेवलं. "रॉल्फची आई ती माझी आई, खलास," एवढंच प्रेमानंदला म्हणाला. प्रेमानंद तिची औषधं आणून द्यायचा. उर्वीला मात्र ती बोलवायची आणि बटाटे सोलायला बसवायची. उर्वी घरी येऊन अडखळत्या मराठीत सांगायची, "आई, ओमा नाऊ खूप स्मॉल झाली. तिचा हात असा, चिमणीचा पाय असतो ना, लाइक दॅट." मी म्हणायचे, "अभ्यासाला बस."

पण रोज सकाळी शाळेला निघताना मी तिच्या खिडक्यांकडे बघायचे. उघड्या असल्या की बरं वाटायचं. लगेच आठवायचं की तिला काय वाटत असेल. उघडणारी प्रत्येक खिडकी म्हणजे आणखी एक दिवस. एकशे एक झाली, एकशे दोन, एकशे तीन. वर्तमानपत्रात कुणाचा शंभरीचा फोटो छापून आला की मी पान उलटायचे.

दोन हजार तीन साली नोव्हेंबरमध्ये रमजान होता. शुक्रवारची सकाळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फरिदा दारात आली. "बाजी, अम्मा बुला रही हैं. आपको ही."

मी जाणार नव्हते. पाच मिनिटांनी गेले.

ती अंथरुणात उशांना टेकून बसली होती. उर्वीचं खरं होतं. ओमाची नुसती चौकट उरली होती. डोळे तेवढे तेच, भांडणाचे. कान गेले होते, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागायचं. हाल-हवाल काही नाही. थेट म्हणाली, "रविवारी मला एकशे चार होतात. आज शुक्रवार आहे. केक आण. मेणबत्त्या आण. त्या दिवशी म्हटलं होतं तसं गाणं म्हणा."

मी फरिदाकडे बघितलं.

"त्या वेळी घरात दोघं होतो," ती म्हणाली. "मरणाने चुकीचा माणूस उचलला. आता मी एकटीच आहे. आता चुकणार नाही."

मी घरी येऊन खुर्चीत बसले. प्रेमानंदला सांगितलं. तो एरवी शांत माणूस, त्या दिवशी ओरडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती बाई मरण मागतेय. आपण काय केक कापून तिला मरण द्यायचं?"

"म्हणजे तू मानतोस?" मी विचारलं. "शुभेच्छा दिल्या की मरण येतं असं मानतोस?"

"मानायचा प्रश्न नाही संध्या. नको जाऊस."

"मी गेले नाही तर मी मानते असं होईल. चार वर्षं मी काय सांगतेय मग? आणि तिने एवढं एकच मागितलंय."

तो म्हणाला, "मग अजून खुर्चीतून उठली का नाहीस?"

मी उठले. पिठात अंडी फोडली. केक मध्यभागी बसला, नीट फुगला नाही. उर्वी सतरा वर्षांची झाली होती. तिला मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ओमाकडे चल. प्रेमानंद आला नाही. गच्चीवर जाऊन बसला.

ओमाने फरिदाकडून कपडे चढवून घेतले होते. काळा लोकरीचा पोशाख, गळ्यापर्यंत बटणं, लांब मोजे, आणि काळे चामड्याचे बूट, नाड्या घट्ट बांधलेले. केस पाणी लावून विंचरलेले. मस्कतमध्ये लोकरीचा पोशाख. कशासाठी ते मला लगेच कळलं, उर्वीला कळलं नाही. ती म्हणाली, "वॉव ओमा, यू लुक सो प्रीटी."

आम्ही मेणबत्त्या लावल्या. उर्वी गायली. मी गायले म्हणते, पण माझा आवाज पहिल्या ओळीलाच बसला, पुढे नुसते ओठ हलत होते. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही तिला मी घाबरले होते आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता. ओमाने एका फुंकरीत मेणबत्त्या विझल्या नाहीत म्हणून तीनदा फुंकलं. मग केकचा मोठा तुकडा घेतला आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. "साखर जास्त आहे," म्हणाली. मी तिच्या पाया पडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा तिने मला शिवलं होतं.

"आता जा," ती म्हणाली. "फरिदा, खिडक्या उघड्या ठेव."

शनिवारी शाळेत मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. घरी येताना तिच्या घरापुढे गाड्या उभ्या आहेत का बघितलं. नव्हत्या. रात्री फरिदा कचरा टाकायला आली तेव्हा भिंतीवरून विचारलं. "सोई हैं. जूते निकालने नहीं देतीं. दो दिन से वैसे ही," ती म्हणाली.

रविवारी सकाळी शाळेत जायच्या आधी मी गेले. खिडक्या उघड्याच होत्या. किनाऱ्यावरून सार्डिनचा वास येत होता. मी दारापाशी थांबले, कारण आत काहीच आवाज नव्हता.

ओमा पलंगाच्या कडेला बसली होती. काळा पोशाख दोन रात्री अंगावर राहून चुरगळला होता. केस एका बाजूने उभे राहिले होते. पाय जमिनीवर, त्यात ते बूट. ती भिंतीकडे बघत होती. फरिदा कोपऱ्यात तोंडाला ओढणी लावून उभी होती.

मी जवळ जाऊन स्टुलावर बसले. बऱ्याच वेळाने ओमाने मान वळवली. तिने माझ्याकडे असं निरखून पाहिलं जणू मी तिच्यासमोर एखादं उत्तर लिहून ठेवलंय आणि ते ती तपासतेय.

"तर मग तू नव्हतीस," ती म्हणाली.

या एका वाक्यासाठी मी चार वर्षं झुरले होते. मनातल्या मनात कितीदा तिच्या तोंडी ते घातलं होतं, आणि त्यावर मी काय ठणकावून बोलेन तेही ठरवलं होतं. आता ते समोर आलं तर मला ते नको होतं. मी हरले असते तर ही बाई सुटली असती.

"नाही," मी मोठ्याने म्हटलं, तिला ऐकू जावं म्हणून. "मी नव्हते, ओमा."

"मग कोण?"

फरिदा पुटपुटली, "अल्ला की मर्जी." ओमाला ते ऐकू गेलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. मी शाळेत पोरांना सांगते, येत नसेल तर येत नाही म्हणा, काहीबाही लिहू नका.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "कुणामुळेच झालं नाही. रॉल्फचं हृदय खराब होतं आणि तुमचं चांगलं आहे. एवढंच."

ओमाने हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. मग म्हणाली, "हे जास्त वाईट आहे."

मी मान डोलावली. तिने दोन्ही पाय माझ्याकडे पुढे केले. मी खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. पाय सुजून बुटांत घट्ट बसले होते, त्यामुळे फार वेळ लागला.